स्वतःहून सांगितलेले आणि तरीही खासगी

समाजमाध्यमांवर साठलेली बहुतेक माहिती कोणी चोरून नेलेली नसते. ती ज्याची त्यानेच दिलेली असते. जन्मतारीख, गाव, शाळा, नोकरी, लेकराच्या बारशाचे फोटो, राजकीय मते, आजारपणातून उठल्याचे चार ओळींचे निवेदन हे सारे वापरणारा स्वतः लिहितो आणि स्वतःच पोस्ट करतो. खासगीपणाच्या जुन्या चर्चेत दोन पक्ष स्पष्ट असत, एक लपवणारा आणि दुसरा डोकावणारा. इथे लपवणाराच सापडत नाही. त्यामुळे या विषयातला मूळ तात्त्विक प्रश्न असा उभा राहतो: माणसाने जे आपणहून चारचौघांत ठेवले, त्यावर त्याचा खासगीपणाचा हक्क उरतो का, आणि उरत असेल तर कशाच्या आधारावर?

‘आपणहून दिलेली’ हे वर्णनही सगळ्या माहितीला लागू पडत नाही. काही माहिती दुसरेच देतात. लग्नातल्या फोटोत कोणीतरी टॅग करतो. नवे अ‍ॅप घेताना कोणीतरी आपल्या फोनमधले सगळे नंबर कंपनीकडे पाठवतो आणि त्यात ज्याने ते अ‍ॅप कधी पाहिलेही नाही त्याचाही नंबर जातो. काही माहिती तर कोणीच दिलेली नसते, ती काढली जाते. केंब्रिज विद्यापीठातील मिखाल कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइक्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला काय आवडते एवढ्यावरून माणसाचा धर्म, राजकीय कल, स्वभाव, लैंगिक कल यांचा बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता येतो, असे त्यातून दिसले. गाणे आवडले म्हणणाऱ्याने गाण्याविषयी सांगितले होते. ऐकणाऱ्याने भलतेच ऐकले.

खासगी म्हणजे गुप्त, अशी एक सरसकट समजूत आहे आणि पुष्कळसा घोळ तिच्यातूनच होतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा ते बाहेरच्यांना वाचता येऊ लागले. ही गुप्तता होती. आतल्यांना सर्व ठाऊक, बाहेरच्यांना काहीच नाही. खासगीपणाला असे एकच कुलूप नसते. पगाराचा आकडा घरात, बँकेत आणि आयकर खात्यात माहीत असतो, पण तो शेजारच्याला कळला तर माणूस चिडतो. मूळव्याधीचे दुखणे डॉक्टरला सांगितले जाते, औषधाच्या दुकानदाराला कळते, कदाचित मेव्हण्यालाही; कचेरीतल्या फळ्यावर मात्र ते कोणी लिहीत नाही. अनेकांना ठाऊक असलेली गोष्टही खासगी असू शकते. हे एकदा मान्य केले, की ‘तूच तर टाकलेस’ या उत्तरातला जोर निम्मा कमी होतो.

कायद्याच्या भाषेत हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो बॉस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी, १८९० च्या डिसेंबरमध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकात. त्याआधी दोनच वर्षे कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला होता आणि वृत्तपत्रांना घराघरांतल्या भानगडींची चटक लागली होती. एखाद्याचे अप्रकाशित पत्र दुसऱ्याने छापू नये हा नियम तेव्हाही होता, पण तो मालमत्तेचा नियम मानला जाई. वॉरन आणि ब्रँडाइस यांचे म्हणणे असे, की त्या नियमाच्या मुळाशी मालकी नसून व्यक्तिमत्त्वाची अभंगता आहे. मात्र त्याच लेखात त्यांनी एक मर्यादाही घालून ठेवली: माणसाने स्वतःच गोष्ट प्रसिद्ध केली, की तिच्यावरचा खासगीपणाचा हक्क संपतो. छापील वृत्तपत्राच्या काळात ही मर्यादा वाजवी होती. गोष्ट छापायला देणारा माणूस ती सर्वांसाठीच देत असे. बावीस मित्रांच्या गटात टाकलेल्या फोटोला तीच मर्यादा लावायची की नाही, हा आजचा वाद आहे.

खासगीपणा ही पाश्चात्त्य, सुखवस्तू माणसाची चैन आहे, आपल्याकडे त्याला परंपरा नाही, असा एक आक्षेप मराठीतही नेहमी ऐकू येतो. पुरावा म्हणून चाळ दाखवली जाते. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक जागा, सामाईक नळ, सामाईक संडास, दिवसभर उघडी दारे. कसला आला तिथे खासगीपणा! हा पुरावा नीट तपासला तर उलट बाजूला झुकतो. जागा नव्हती म्हणूनच चाळीत न लिहिलेले नियम फार होते. भिंतीपलीकडचे भांडण ऐकू आले तरी दुसऱ्या दिवशी नळावर ते ऐकलेच नाही असे वागायचे. शेजाऱ्याचे पत्र पोस्टमनकडून घेऊन ठेवायचे, पण फोडायचे नाही. घरात नवे जोडपे आले, की इतरांनी उशी-चादर घेऊन बाहेर झोपायला जायचे आणि त्याविषयी कोणी काही बोलायचे नाही. हे नियम मोडणारे होतेच, आणि बायकांच्या वाट्याला हा अवकाश पुरुषांपेक्षा फारच कमी आला, हेही खरे. तरी नियम मोडणाऱ्याला चाळीत नाव ठेवले जाई, यावरून नियम होता हे सिद्ध होते. वाड्यांची रचना तर हाच विचार दगड-लाकडात मांडते: ओसरीपर्यंत कोणीही, दिवाणखान्यापर्यंत ओळखीचा, माजघरात नात्यातला.

जुन्या ग्रंथांतही दाखले कमी नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेजाऱ्याला उपद्रव होईल अशी दारे-खिडक्या काढणाऱ्याला दंड सांगितला आहे. (त्याच ग्रंथात साधूच्या वेशातले हेर कसे नेमावेत याचेही सविस्तर मार्गदर्शन आहे, राज्यसंस्थेचा दुटप्पीपणा बराच जुना आहे.) ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात सामाईक अंगण असलेल्यांनी एकमेकांच्या खिडकीसमोर खिडकी काढू नये असा नियम आहे, आणि नुसते पाहणे हीदेखील इजा आहे, ही कल्पना त्यांच्या धर्मशास्त्राने पुढे वाढवत नेली. युरोपातील ज्यू परंपरेत परक्याचे पत्र वाचण्यावर बहिष्काराची शिक्षा सांगितली गेली. ती बंदी हजार वर्षांपूर्वीच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावावर आहे.

आधुनिक तत्त्वज्ञानात या साऱ्याचा सिद्धान्त मागाहून झाला. जेम्स रेचल्स यांनी १९७५ साली दाखवून दिले, की माणसे वेगवेगळी नाती जपू शकतात ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे सांगता येते म्हणून. मालकाशी, मित्राशी आणि आईशी माणूस एकसारखा वागत नाही. त्यात ढोंग काही नाही, त्या त्या नात्याची ती घडण आहे. सगळ्या श्रोत्यांना एका खोलीत कोंडले, तर माणसाला कोणाशीच नीट बोलता येणार नाही. हेलन निसेनबॉम यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच विचाराला संदर्भाची चौकट दिली. प्रत्येक माहिती काही अपेक्षांसह दिली जाते: कोणी, कोणाला, कशासाठी. त्या अपेक्षा मोडून माहिती दुसरीकडे वाहू लागली, की खासगीपणाचा भंग होतो, मग ती माहिती मुळात कितीही उघड असो.

समाजमाध्यमांच्या इतिहासातली मोठी भांडणे या चौकटीत बरोबर बसतात. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ सुरू केले. त्यात नवे काहीच उघड झाले नव्हते. जे आधी एकेकाच्या पानावर जाऊन पाहावे लागे, ते आता सर्वांच्या समोर आपोआप येऊ लागले, इतकेच. तरी लाखो वापरकर्त्यांनी निषेध केला. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने मूळ सेटिंग बदलून बरीचशी माहिती सर्वांसाठी खुली केली, आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितले, की लोकांना आता अधिक उघडपणे अधिक लोकांशी बोलणे आवडू लागले आहे, समाजाची रीतच बदलली आहे. रीत बदलायला महिनाभर पुरला म्हणायचा!

हार्वर्डचे प्रकरण याहून बोलके आहे. २००८ साली काही समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयातील १,६४० विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती संशोधनासाठी प्रसिद्ध केली. नावे काढून टाकली होती, महाविद्यालयाचे नावही सांगितले नव्हते. काही दिवसांतच ते हार्वर्ड आहे हे ओळखले गेले, कारण माहितीबरोबर दिलेल्या वर्णनात पुरेशा खुणा होत्या. संशोधकांच्या बाजूने बचाव असा झाला, की ही माहिती मुळातच सार्वजनिक होती. माहितीच्या नीतिशास्त्राचे अभ्यासक मायकेल झिमर यांनी या बचावातली फट दाखवली. माहिती गोळा करणारे साहाय्यक त्याच विद्यापीठाचे होते, आणि फेसबुकवर तेव्हा आपल्याच विद्यापीठातल्यांना दिसेल असे ठेवण्याची सोय होती. म्हणजे विद्यार्थ्याने जे फक्त सहाध्यायांना दाखवले, ते एका सहाध्यायाच्या डोळ्यांतून साऱ्या जगाकडे जाण्याची वाट उघडली.

महाराष्ट्रात हीच गोष्ट वेगळ्या आणि कठोर रूपात दिसली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर शंका लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींनाही अटक झाली. प्रकरण पुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे म्हणून गाजले, दोघींवर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, आणि ते योग्यच झाले. पण लाइकचे बटण दाबणारी मुलगी मैत्रिणीला मान डोलावून दाखवत होती, पोलीस ठाण्यात निवेदन देत नव्हती, हा त्यातला खासगीपणाचा पदर चर्चेत मागेच राहिला.

मराठी घरांत या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे लग्नाचा बायोडाटा. वर श्रीगणेशाचे चित्र, खाली मुलाचे किंवा मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, वर्ण, रक्तगट, रास, नक्षत्र, गण, नाडी, गोत्र, कुलदैवत, शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न, वडिलांचा हुद्दा, भावंडे आणि ती कुठे दिली-केली, मामांचे आडनाव आणि गाव, शेती किती, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, अपेक्षा, आणि शेवटी दोन मोबाइल नंबर. कोणत्याही सरकारी अर्जात इतकी माहिती एका पानावर मागितली जात नाही. हा कागद पूर्वी ओळखीच्या मध्यस्थाच्या पिशवीतून जात असे. कोणत्या घरी दाखवायचा आणि कोणत्या घरी नाही, हे तो मध्यस्थ ठरवी. स्थळ जमले नाही तर कागद परत येई किंवा फाडला जाई. आता तो पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ज्ञातीच्या गटात जातो, तिथून दुसऱ्या गटात, आणि मुलीचे लग्न होऊन तिला मूल झाले तरी फिरत राहतो. त्यात मामांचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. खातेदाराची ओळख पटवायला बँका जे प्रश्न विचारत आल्या, त्यात नेमके हेच आडनाव असे. जन्मतारीखही तिथेच आहे, मोबाइल नंबरही.

इथे दोष कोणाचा? वडिलांनी बायोडाटा आपणहून दिला. मावशीने चांगल्या हेतूने पुढे पाठवला. गटाच्या प्रमुखाने गटाचे कामच केले. प्रत्येक टप्प्यावर संमती आहे, आणि तरी शेवटी ज्या मुलीची ती माहिती आहे तिच्या हातात काही उरलेले नाही. ती माहिती लग्न जुळवण्यासाठी दिली होती. कर्ज विकणाऱ्याला, ठगाला किंवा नाकारलेल्या एखाद्या स्थळाच्या रागाला ती दिली नव्हती. संमती एका कामापुरती असते. ती माहितीला कायमची चिकटून राहत नाही, हे तत्त्व या एका पानावरून जितके स्पष्ट होते तितके जाडजूड धोरणपत्रातून होत नाही.

संमतीच्या कल्पनेला समाजमाध्यमांनी आणखी एका बाजूने तडा दिला. उदारमतवादी विचारात संमती ही एकट्या व्यक्तीची बाब असते: मी माझ्याविषयी ठरवतो. जाळ्यात गुंफलेल्या माहितीत हे गृहीतक कोसळते. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा कळले, की एक व्यक्तिमत्त्व चाचणीचे अ‍ॅप सुमारे पावणेतीन लाख लोकांनी घेतले होते आणि त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी. भारतापुरते फेसबुकने दिलेले आकडे तर डोळे उघडणारे आहेत. अ‍ॅप घेणारे ३३५ जण, आणि संभाव्य बाधित ५ लाख ६२ हजारांहून अधिक. त्या साडेपाच लाखांपैकी जवळजवळ कोणीही कशालाही हो म्हटले नव्हते. त्यांच्यासाठी त्यांच्या मित्राने हो म्हटले होते. जे स्वतः हो म्हणतात त्यांची संमतीही फार भक्कम नसते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण मान्य करा अन्यथा सेवा सोडा असा पर्याय ठेवला. त्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. ज्या गावात शाळेची सूचना, पाणी सुटण्याची वेळ आणि दशक्रियेचा निरोप एकाच अ‍ॅपवर येतो, तिथे ‘सोडा’ हा पर्याय नावापुरताच असतो.

माहितीला मालमत्ता मानावे, म्हणजे ज्याची त्याला तिची किंमत मिळेल, असा एक उपाय सुचवला जातो. ज्युडिथ जार्विस थॉम्सन या तत्त्वज्ञ स्त्रीने १९७५ साली खासगीपणा हा वेगळा हक्क नसून मालकीच्या आणि स्वतःच्या शरीरावरच्या हक्कांचा समूह आहे असे मांडले होते, त्या विचाराशी हा उपाय जुळतो. पण मालमत्ता विकता येते आणि विकल्यावर विकणाऱ्याचा संबंध संपतो. स्वतःच्या आजाराचा इतिहास विकला तरी आजार विकणाऱ्याचाच राहतो. शिवाय गरिबाची माहिती आधी विकली जाईल, श्रीमंताची शेवटी. जर्मन घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या खटल्यात घेतलेली भूमिका अधिक टिकाऊ आहे. आपल्याविषयी कोणाला काय कळावे हे ठरवण्याची शक्ती मानवी प्रतिष्ठेतून येते, असे त्या न्यायालयाने म्हटले. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे याचा अंदाज ज्याला नाही, तो माणूस मोकळेपणाने सभेलाही जाणार नाही, ही त्यामागची काळजी होती आणि नाझी राजवटीचा अनुभव घेतलेल्या देशात ती पुस्तकी नव्हती.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला’ हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे आणि श्रद्धाळू माणसाच्या तोंडी तो धार्मिक रूप घेतो: देव सगळे पाहतोच आहे, मग माणसाने पाहिले तर काय बिघडले? याचे उत्तर धर्मपरंपरांच्या आतूनच देता येते, आणि ते सविस्तर द्यायला हवे.

सर्वसाक्षी ईश्वराची कल्पना जवळजवळ सर्वत्र आहे. बृहदारण्यक उपनिषदात तो अंतर्यामी आहे. इस्लाममध्ये माणसाच्या खांद्यांवरचे देवदूत कर्मे लिहून घेतात, आपल्याकडे ते काम चित्रगुप्ताकडे. भक्त तर आपल्याला पाहिले जावे म्हणून तळमळतो. नवविधा भक्तीची शेवटची पायरी आत्मनिवेदन आहे आणि सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी स्वतःचे घरगुती दुःख, नवऱ्याचा मारसुद्धा, अभंगांतून उघड सांगितले. उघडे होणे हे या परंपरांत अधोगतीचे लक्षण नाही. उलट अनेकदा ते मुक्तीचे दार आहे.

तरीही ज्या धर्मांनी देवाला सर्व पाहण्याचा अधिकार दिला, त्यांनीच माणसाला तो नाकारला. कुराणात दुसऱ्याची टेहळणी करू नका असे ‘अल-हुजुरात’ या सूरेत स्पष्ट सांगितले आहे, आणि परवानगी व सलामाशिवाय परक्या घरात शिरू नका असे ‘अन-नूर’ या सूरेत. इस्लामी परंपरेत एक कथा सांगितली जाते. खलिफा उमर रात्री गस्त घालत असता एका घरातून संशयास्पद आवाज आला, म्हणून भिंत चढून आत उतरले आणि घरमालकाला पापाबद्दल दरडावू लागले. तो म्हणाला, माझा गुन्हा एक असेल, तुमचे तीन आहेत: तुम्ही टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी घेतली नाहीत. उमर यांनी त्याला सोडून दिले. ख्रिस्ती धर्मसभेने १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेत वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले, आणि त्याच नियमात ते फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षाही ठरवली. जैन आगमांत आलोचना, म्हणजे दोषांचे निवेदन, ऐकणाऱ्या आचार्याचे जे गुण सांगितले आहेत, त्यांपैकी एक म्हणजे त्याच्यापाशी सांगितलेले बाहेर झिरपू नये.

यावरून दोन दृष्टींतला फरक स्पष्ट होतो. ईश्वर पूर्ण आहे, त्याला माणसाच्या माहितीतून काही मिळवायचे नाही. समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीचे बहुतेक उत्पन्नच त्यातून येते. ईश्वर ऐकतो आणि ते तिसऱ्याला सांगत नाही. चित्रगुप्ताची वही कोणा जाहिरातदाराला भाड्याने मिळत नाही. आणि ईश्वर हेतू जाणतो, तर यंत्राला फक्त खुणा दिसतात. रात्री दोन वाजता कर्करोगाविषयी वाचणारा माणूस रोगी आहे, रोग्याचा मुलगा आहे की परीक्षेला बसलेला विद्यार्थी, हे त्या खुणांतून समजत नाही, तरी त्याच्यावर शिक्का बसतो. तेव्हा ‘देव पाहतोच’ या वाक्यातून माणसाच्या पाहण्याला परवाना मिळत नाही. सर्व पाहण्याचा अधिकार फक्त त्यालाच शोभतो ज्याला त्यातून काहीही नको आहे.

सर्व पाहणाऱ्या माणसाचेही एक प्रसिद्ध चित्र आहे. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी १७९१ साली ज्याचा आराखडा प्रसिद्ध केला त्या तुरुंगात मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सर्व कैद्यांना पाही, कैद्यांना तो दिसत नसे. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी या आराखड्यात साऱ्या आधुनिक समाजाचे चित्र पाहिले. समाजमाध्यमांना हे चित्र अर्धेच लागू पडते. कैद्याला आपण पाहिले जातो याची भीती असते. इथे आपण पाहिले जावे अशी इच्छा असते, आणि कोणी पाहिले नाही तर वाईट वाटते. म्हणून भीतीवर उभारलेला युक्तिवाद तरुण वापरकर्त्याला पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

विस्मरणाचा मुद्दा वेगळा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात, ज्याने विहित प्रायश्चित्त घेतले त्याची नंतर निंदा करू नये असे सांगितले आहे. ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात पश्चात्ताप केलेल्या माणसाला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण करून देणे हा शब्दांनी केलेला अन्याय मानला आहे. समाज विसरतो, निदान विसरल्यासारखे वागतो, म्हणून माणूस बदलू शकतो. सर्च इंजिनला ही रीत माहीत नाही. एका स्पॅनिश नागरिकाच्या जुन्या कर्जापायी झालेल्या लिलावाची १९९८ ची सूचना त्याचे नाव शोधताच वर येत असे. कर्ज केव्हाच फिटले होते. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि असे दुवे शोधातून काढून घेण्याचा हक्क तिथे रुजला. ऐतिहासिक सत्य आणि सार्वजनिक व्यक्तींची जबाबदारी यांना या हक्कापुढे किती माघार घ्यावी लागेल, हा वाद मात्र मिटलेला नाही, आणि राजकारण्यांना तो हक्क सहज मिळू नये हेच बरे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने १९५४ साली आणि सहा न्यायाधीशांच्या पीठाने १९६२ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नव्हते. दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात तो हक्क एकमताने मान्य केला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा गळून पडत नाही, कारण तो जागेला नव्हे, व्यक्तीला चिकटलेला असतो, असेही त्या निकालात म्हटले आहे.

सहा वर्षांनी, २०२३ साली, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन अपवाद आहेत. घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी माणसाने हाताळलेली माहिती कायद्याच्या बाहेर, म्हणजे पीडीएफ पुढे पाठवणारी मावशी सुटली, आणि ते ठीकच आहे. दुसरा अपवाद मात्र गंभीर आहे: माणसाने स्वतःच सार्वजनिक केलेली माहितीही कायद्याच्या बाहेर. उदाहरण म्हणून कायद्यातच समाजमाध्यमावर आपली माहिती स्वतः खुली करणारी व्यक्ती दिली आहे. याच मुद्द्यावर कॅनडाच्या खासगीपणा आयुक्तांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये उलट भूमिका घेतली होती. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने समाजमाध्यमांवरून अब्जावधी चेहरे गोळा करून ते पोलिसांना शोधायला दिले, आणि फोटो सार्वजनिकच होते असा बचाव केला. आयुक्तांनी तो फेटाळला. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांतही सार्वजनिक माहिती संरक्षणाबाहेर जात नाही. भारतीय कायदा या एका कलमापुरता वॉरन आणि ब्रँडाइस यांच्या १८९० च्या मर्यादेवरच थांबला आहे, आणि पुट्टस्वामी निकालाशी त्याचा मेळ बसत नाही. संसदेने हा अपवाद ज्या हेतूसाठी माहिती खुली केली त्या हेतूपुरताच मर्यादित करावा.